वार्षिक पास घेताय? आधी कॅलेंडर उघडा

थीम पार्कचा वार्षिक पास म्हणजे वर्षभर मनात येईल तेव्हा जा, ही समजूत २०२० पर्यंत बरीचशी खरी होती. गर्दीचे काही दिवस वगळलेले असायचे, गाडी लावायचे पैसे कधी वेगळे पडायचे, पण एरवी रेल्वेच्या पाससारखा सरळ व्यवहार होता: पास दाखवा, आत चला. कोविडच्या महासाथीने तो मोडला. पार्कं बंद झाली. उघडली तेव्हा मोजक्याच लोकांना आत घेण्याची परवानगी होती, आणि त्या मोजक्यांत कोण, हे ठरवायला आगाऊ आरक्षण आलं. पुढे मास्क गेले, दारावर तापमान मोजणारे गेले, जमिनीवरच्या अंतराच्या खुणा पुसल्या गेल्या. पासधारकांचं आरक्षण मात्र अनेक ठिकाणी राहिलं, कारण उद्या किती माणसं येणार हे आजच कळणं पार्क चालवणाऱ्यांना फार सोयीचं पडतं.

म्हणून पहिल्यांदाच पास घेणाऱ्याने एवढं धरून चालावं, की आपण प्रवेश मागण्याचा हक्क विकत घेतोय. प्रवेश मिळेलच असं नाही. किंमत, सवलती आणि पासची रंगीबेरंगी नावं नंतर बघू. हा हक्क कोणत्या दिवशी वापरता येतो आणि पार्कच बंद पडलं तर त्याचं काय होतं, हे दोन प्रश्न आधी सोडवायचे. इथली उदाहरणं बहुतेक डिस्नेच्या पार्कांची आहेत. तिथले नियम सगळ्यांत तपशीलवार जाहीर झाले, आणि सगळ्यांत जास्त वेळा बदललेही.

थोडा इतिहास, कारण अटी तिथूनच आल्या

शांघाय डिस्नेलँड २५ जानेवारी २०२० ला बंद झालं, हाँगकाँगचं दुसऱ्या दिवशी. टोकियोची दोन्ही पार्कं २९ फेब्रुवारीला, आणि मार्चच्या मध्यावर कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि पॅरिस. उघडण्याचा वेग मात्र प्रत्येकाचा निराळा होता. शांघाय ११ मे २०२० ला उघडलं. फ्लोरिडातलं युनिव्हर्सल ५ जूनला, तिथलंच वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ११ जुलैला, म्हणजे ११७ दिवसांनी. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडला थेट ३० एप्रिल २०२१ पर्यंत थांबावं लागलं. हाँगकाँग १८ जूनला उघडलं आणि महिना भरायच्या आत पुन्हा बंद झालं, आणि हा खेळ २०२२ पर्यंत चालला. पॅरिसनेही ऑक्टोबर २०२० अखेर पुन्हा दारं लावली ती १७ जून २०२१ ला उघडली.

ज्यांच्या खिशात तेव्हा वार्षिक पास होते त्यांचं काय झालं? उत्तर पार्कागणिक बदलतं, आणि नवख्याने शिकायचं ते इथेच. फ्लोरिडात पासधारकांना मुदतवाढ किंवा बंद काळापुरता परतावा, यांतून निवड करता आली. अमेरिकेतल्या सीडर फेअर कंपनीने २०२० चे सीझन पास २०२१ संपेपर्यंत चालवले. टोकियोत वार्षिक पासची विक्री थांबली आणि उरलेल्या मुदतीचे पैसे परत दिले गेले. कॅलिफोर्नियात तर १४ जानेवारी २०२१ रोजी वार्षिक पासची योजनाच गुंडाळल्याचं जाहीर झालं आणि पात्र पासधारकांना हिशेबाने परतावा मिळाला. त्याच वर्षी २५ ऑगस्टला ‘मॅजिक की’ या नव्या नावाने नवी योजना विक्रीला आली. तिच्या चारही प्रकारांना आरक्षण सक्तीचं होतं.

कुठे मुदत वाढली, कुठे पैसे परत आले, कुठे योजनाच गेली. पास घेताना आपल्याला यांतलं काय मिळेल हे कोणी सांगत नाही. ते छापील अटींत शोधावं लागतं.

पहिली पायरी: हिशेब, पण खरा

सगळे करतात तो हिशेब सोपा आहे. पासची किंमत भागिले एका दिवसाच्या तिकिटाची किंमत. वॉल्ट डिस्ने वर्ल्डने ८ सप्टेंबर २०२१ पासून नवे पास विकायला काढले तेव्हा सगळ्यांत वरचा ‘इन्क्रेडी-पास’ १,२९९ डॉलरचा होता, कर वेगळा. त्या वर्षी एका दिवसाचं तिकीट तारखेनुसार १०९ ते १५९ डॉलरला पडे. भागाकार केला तर स्वस्त दिवसांना बारा आणि महाग दिवसांना नऊ फेऱ्यांत पास वसूल होतो असं दिसतं.

हा भागाकार तुम्हाला फसवतो. मोठ्या पार्कांत सलग तीन, पाच, सात दिवसांचं तिकीट घेतलं की दर दिवसाचा खर्च झपाट्याने खाली येतो. तुम्ही लांबून येऊन एकदाच आठवडाभर राहणार असाल, तर तुलना एका दिवसाच्या तिकिटाशी न करता त्या बहुदिवसीय तिकिटाशी करा. तशी केली की पास बहुतेक वेळा हरतो. पास जिंकतो तो दोन प्रकारच्या लोकांसाठी. पहिले, तासाभराच्या अंतरावर राहणारे, जे संध्याकाळी तीन तासांसाठीही जाऊ शकतात. दुसरे, बारा महिन्यांच्या आत दोन मोठ्या सहली बसवणारे. या दुसऱ्यांनी एक तपशील पक्का करावा: पासची मुदत खरेदीच्या दिवशी सुरू होते की पहिल्या वापराच्या दिवशी? पहिल्या वापरापासून मोजत असतील तर यंदा ज्या आठवड्यात गेलात त्याच्या एक आठवडा आधी पुढच्या वर्षी गेलं, की दोन्ही सहली एकाच पासवर निघतात.

मुलांचंही बघा. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पण तीन पूर्ण झाली की वार्षिक पास मोठ्यांच्याच किमतीचा. रोजच्या तिकिटात लहानांना थोडी सूट असते, पासमध्ये नसते. चौघांच्या कुटुंबाने चार पास घ्यायच्या आधी हा आकडा कागदावर मांडावा.

सवलतींचा मोह टाळा. खाण्यावर दहा टक्के, खेळण्यांवर वीस टक्के, हे वाचून वाटतं की पास आपोआप वसूल होईल. सवलत मिळाली म्हणून जास्त खरेदी करणं ही पासधारकांची जुनी सवय आहे आणि पार्कांना ती चांगली ठाऊक आहे. गाडी लावायचा खर्च पासमध्ये येत असेल तर तो तेवढा धरा. दर फेरीला लागणारा तो खरा पैसा आहे.

आता हिशेबातला दुसरा आकडा. तुम्ही वर्षात किती वेळा जाल असं वाटतं ते लिहा, मग त्यातून आरक्षण न मिळणारे दिवस वजा करा. हा आकडा काढायला पुढची पायरी लागते.

दुसरी पायरी: दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा

पासची पातळी जितकी स्वस्त, तितके वगळलेले दिवस जास्त. या दिवसांना ब्लॉकआउट म्हणतात आणि त्यांची यादी पास विकतानाच जाहीर असते. फ्लोरिडातला ‘पिक्सी डस्ट’ पास ३९९ डॉलरला होता, फक्त तिथल्या रहिवाशांसाठी, आणि शनिवार-रविवार व मोठ्या सुट्यांच्या काळात चालत नसे. नोकरी सोमवार ते शुक्रवार असलेल्या माणसाने तो घेतला, तर त्याच्या वाट्याला रजेचे दिवस तेवढे उरतात. निवृत्तांना किंवा पाळीत काम करणाऱ्यांना मात्र त्याहून चांगला सौदा नाही.

पण ब्लॉकआउट हे निम्मंच कॅलेंडर. दुसरं कॅलेंडर आरक्षणाचं, आणि ते रोज बदलतं. डिस्ने वर्ल्डने २०२० मध्ये उपलब्धतेचं कॅलेंडर सगळ्यांना पाहता येईल असं ठेवलं, पण त्यात तीन वेगवेगळे गट होते: साधं तिकीटवाले, रिसॉर्टच्या हॉटेलात राहणारे आणि वार्षिक पासधारक. एकाच दिवशी, एकाच पार्कात, साधं तिकीट घेणाऱ्याला जागा असायची आणि पासधारकाला नसायची. कारण समजायला कठीण नाही. पासधारकाचे पैसे आधीच आले आहेत. दारात तिकीट विकत घेणारा नवे पैसे आणतो.

यावरून मोठं भांडण झालं ते कॅलिफोर्नियात. ‘ड्रीम की’ हा मॅजिक कीमधला १,३९९ डॉलरचा सर्वांत वरचा पास, आणि त्याला ब्लॉकआउट दिवस नाहीत अशी जाहिरात होती. लोकांनी अर्थ घेतला की आपण कधीही जाऊ शकतो. प्रत्यक्षात काही दिवसांची पासधारकांची आरक्षणं संपलेली आणि त्याच दिवसांची साधी तिकिटं मात्र विक्रीला. २०२१ च्या अखेरीस दावा दाखल झाला आणि २०२३ मध्ये ९५ लाख डॉलरवर तडजोड झाली. ती सुमारे एक लाख पासधारकांत वाटली गेली, म्हणजे प्रत्येकाच्या हाती सत्तरेक डॉलरच आले.

त्यामुळे ब्लॉकआउट नाही हे वाक्य वाचलं की लगेच विचारा: आरक्षण लागतं का? मग पास विकत न घेता पासधारकांचं कॅलेंडर उघडा आणि निदान दोन आठवडे, दिवसाआड, त्यावर नजर ठेवा. तुम्हाला हवे असलेले वार किती आधी भरतात? उद्याचा शनिवार आज मिळतो, की तीन आठवडे आधीच जातो? हे दोन आठवडे घालवायला जिवावर येतं, कारण पास घ्यायचं मनाने कधीच ठरवलेलं असतं. तरी घालवा. जाहिरातीच्या पानावर न सापडणारी माहिती इथे मिळते.

तिसरी पायरी: आरक्षणाचे बारकावे

आरक्षणाची पद्धत नीट कळली नाही तर महाग पासही निरुपयोगी होतो. तपासायच्या गोष्टी अशा.

एका वेळी किती आरक्षणं धरून ठेवता येतात? डिस्ने वर्ल्डने आधी पासधारकांना तीन दिवसांची मुभा दिली. २०२१ च्या नव्या पासमध्ये पातळीनुसार तीन ते पाच झाली. कॅलिफोर्नियात दोन ते सहा. एक दिवस वापरला की एक जागा मोकळी होते आणि नवा दिवस धरता येतो. म्हणजे तीनच आरक्षणं असलेल्या माणसाने पुढच्या महिन्यातल्या तीन शनिवारी ती अडकवून ठेवली, तर येत्या बुधवारी अचानक जाता येत नाही. एक जागा नेहमी मोकळी ठेवायची सवय लावून घ्या. हॉटेलात राहत असाल तर मुक्कामाच्या दिवसांना बहुधा वेगळा नियम असतो. तोही पाहा, कारण तो जवळजवळ नेहमी उदार असतो.

रद्द कधीपर्यंत करता येतं? आणि न सांगता गैरहजर राहिलं तर? मॅजिक कीच्या नियमांत आदल्या दिवशी रात्री ११:५९ पर्यंत रद्द करायची मुभा होती. ९० दिवसांत तीनदा गैरहजर राहिलात तर ३० दिवस नवं आरक्षण बंद. पाऊस पडला, मूल तापलं, कंटाळा आला, कारण काहीही असो, आदल्या रात्रीच आरक्षण सोडून द्या. यात दुसरीही बाजू आहे. तुमच्यासारखे इतर लोकही आदल्या रात्री सोडतात, त्यामुळे भरलेला दिवस संध्याकाळी नऊ ते मध्यरात्रीच्या दरम्यान अचानक मोकळा दिसतो. जागा हवी असेल तर तेव्हा फोन हातात ठेवा.

सोबत कोण आहे? आरक्षण माणसागणिक होतं, कुटुंबागणिक नाही. तिघांकडे पास आणि चौथ्याकडे साधं तिकीट असेल, तर दोन वेगळ्या गटांतून जागा शोधावी लागते. म्हणून ज्याची जागा मिळणं कठीण त्याची आधी धरा. आणि सगळ्यांची खाती ॲपमध्ये एकमेकांशी जोडून घ्या. सकाळी दारात उभं राहून पासवर्ड आठवत बसणं फार वाईट.

एका दिवशी दोन पार्कं करता येतात का? फ्लोरिडात ही सोय महासाथीत बंद झाली आणि १ जानेवारी २०२१ ला परतली ती अटीसह: आधी आरक्षण असलेल्या पार्कात शिरा, मग दुपारी दोननंतर दुसरीकडे. ही वेळेची अट जानेवारी २०२४ मध्ये गेली. त्याच महिन्यात तारखेच्या साध्या तिकिटांना आरक्षणाची गरजही संपली. पासधारकांना मात्र काही ठरावीक दिवस सोडले तर आरक्षण राहिलं. ही सूट टप्प्याटप्प्याने आली, एप्रिल २०२३ मध्ये पासधारकांना दुपारी दोननंतर विनाआरक्षण सोडायला लागले, त्यातही मॅजिक किंगडम या तिथल्या एका पार्कचे शनिवार-रविवार वगळून. एवढे बारकावे सांगायचं कारण असं, की कुणीतरी वर्षापूर्वी सांगितलेला नियम आज लागू असेलच असं नाही. जाण्याच्या आठवड्यात पार्कच्या अधिकृत पानावरून पुन्हा तपासा.

चौथी पायरी: पैसे देण्याआधी बारीक अक्षरं

अटी सगळ्या वाचायला कोणी सांगत नाही. चार शब्द शोधा: बंद, परतावा, मुदत, नूतनीकरण.

बंद या शब्दापाशी बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, की पार्क, राईड, कार्यक्रम किंवा वेळा पूर्वसूचना न देता बदलता वा थांबवता येतील. म्हणजे निम्म्या राईड बंद असल्या तरी पासचे पैसे परत मागता येत नाहीत. २०२० च्या उन्हाळ्यात उघडलेल्या पार्कांत आतषबाजी नव्हती, मोठ्या मिरवणुका नव्हत्या, कार्टूनच्या पात्रांना मिठी मारणं नव्हतं. डिस्ने वर्ल्डची आतषबाजी १ जुलै २०२१ ला परतली. मधल्या वर्षभरात पासधारकाने किंमत पूर्ण मोजली होती.

परताव्यापाशी बघायचं ते हे, की पार्क दीर्घकाळ बंद राहिलं तर मुदत आपोआप वाढते का, की पार्कच्या मर्जीवर आहे. लिहिलेलं नसेल तर मर्जीवर आहे असं समजा.

हप्त्यांनी पैसे देत असाल तर आणखी जपून. महिन्याला थोडी रक्कम कापली जाते तेव्हा पास स्वस्त वाटतो, पण तो करार वर्षाचा असतो. मध्येच जायचं थांबवलं म्हणून हप्ता थांबत नाही. २०२० मध्ये काही पार्कांनी बंद काळात सदस्यांकडून मासिक शुल्क घेत राहिल्याच्या तक्रारी अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेल्या. बंद काळात हप्ता थांबतो का, हे लेखी नसेल तर ग्राहकसेवेला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या आश्वासनाचा पुढे उपयोग होत नाही.

पास दुसऱ्याला देता येत नाही, हे वेगळं सांगायला नको. फोटो आणि ओळखपत्र जुळावं लागतं.

पाचवी पायरी: निर्बंध असताना निघायचं तर

इथे क्रम फार महत्त्वाचा. आधी पार्कचं आरक्षण, मग रद्द करता येणारं हॉटेल, आणि सगळ्यांत शेवटी प्रवासाचं तिकीट. उलट केलंत तर विमान ठरलेलं आणि पार्क भरलेलं, अशी गत होते.

मग पाहा की तुम्हाला आत घेतात का. डिस्नेलँड कॅलिफोर्नियात उघडलं तेव्हा १५ जून २०२१ पर्यंत फक्त त्या राज्यातल्या रहिवाशांना प्रवेश होता. बाहेरून येणाऱ्याकडे पैसे होते, वेळ होता, पण दार बंद होतं. फ्रान्समध्ये २१ जुलै २०२१ पासून आरोग्य पास लागू झाला. डिस्नेलँड पॅरिसच्या दारात प्रौढांना लसीकरणाचा, ताज्या चाचणीचा किंवा आजारातून बरं झाल्याचा पुरावा दाखवावा लागे; ३० सप्टेंबरपासून तो १२ वर्षांपुढच्या मुलांनाही लागला. शांघायमध्ये फोनवरचा आरोग्य कोड हिरवा असावा लागे. देशाचा नियम, राज्याचा नियम आणि पार्कचा नियम हे तीन वेगळे थर असतात. तिघांतला सर्वांत कडक नियम तुम्हाला लागू होतो असं धरून तयारी करा. प्रमाणपत्राचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि कागदी प्रतही घ्या. दारात इंटरनेट रेंगाळतं.

दारावरच्या तपासणीत गट एकत्र मोजला जाई, हे अनेकांना तिथे पोहोचल्यावर कळलं. डिस्ने वर्ल्डमध्ये १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप निघाला तर त्या माणसासोबतच्या सगळ्यांनाच परत जावं लागे. उन्हातून चालत आल्यावर त्वचा तापलेली असते. तेव्हा थोडा वेळ सावलीत थांबवून पुन्हा मोजत. अशी तपासणी असेल तर सकाळी घरी किंवा हॉटेलातच सगळ्यांचं तापमान बघून निघा. ताप असेल तर आरक्षण सोडा. आदल्या रात्रीची वेळ टळून गेलेली असेल तर एक गैरहजेरी पदरात पडते, त्याला इलाज नाही.

आणि एक शक्यता लक्षात असू द्या. ३१ ऑक्टोबर २०२१ ला शांघाय डिस्नेलँडने दारं आतून बंद केली, कारण आधी येऊन गेलेल्या कुणाला लागण झाल्याचं कळलं होतं. आत असलेल्या ३३ हजारांहून अधिक लोकांची चाचणी झाल्याशिवाय कुणालाही बाहेर सोडलं नाही. संरक्षक पोशाखातले कर्मचारी स्वॅब घेत होते आणि वर आतषबाजी चालू होती. बरोबर एका वर्षाने, ३१ ऑक्टोबर २०२२ ला, तसंच पुन्हा घडलं. कडक निर्बंध असलेल्या ठिकाणी जाताना रोजची औषधं, बाळाचं दूध-डायपर आणि फोनचा पॉवर बँक हे दिवसापुरतं न घेता रात्रीपुरतंही घ्या.

मास्कबद्दल थोडक्यात. नियम बहुधा मास्कच्या प्रकारापर्यंत जातो. डिस्ने वर्ल्डमध्ये दोन वर्षांपुढच्या सगळ्यांना मास्क होता; गळ्यातून तोंडावर ओढायचं नळीसारखं कापड, रुमाल आणि झडपेचे मास्क चालत नसत. खाणं-पिणंही एका जागी थांबूनच. राईडवर काढलेल्या फोटोत कुणी मास्क उतरवलेला दिसला तर तो फोटो मिळतच नसे. दर माणशी तीन मास्क घ्या, पाण्याच्या राईडनंतर भिजलेला मास्क घालून श्वास घेता येत नाही. मास्क काढून बसायला राखीव जागा असतात. आत शिरल्याबरोबर नकाशावर त्या शोधून ठेवा, विशेषतः लहान मूल सोबत असेल तर.

आत गेल्यावर

मर्यादित प्रवेशाचा एक फायदा होता, आणि ज्यांनी तो अनुभवला ते आजही त्याबद्दल हळहळतात: रांगा छोट्या. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरुवातीला क्षमतेच्या चतुर्थांश लोकांनाच घेत होतं, नोव्हेंबर २०२० मध्ये ते ३५ टक्क्यांपर्यंत नेलं. पण रांगेची लांबी पाहून घाबरू नका किंवा हुरळूनही जाऊ नका. सहा फुटांच्या अंतराने उभी असलेली रांग इमारतीबाहेर, दुकानांवरून वळत जाते आणि तरी पटपट सरकते. उलट आतमध्ये आसनांची एक ओळ रिकामी सोडून माणसं बसवत असतील आणि मधूनमधून आसनं पुसायला राईड थांबवत असतील, तर छोटी दिसणारी रांगही रेंगाळते. फलकावरची मिनिटं बघा, माणसं मोजू नका.

लोकप्रिय राईडसाठी व्हर्च्युअल रांग, म्हणजे ॲपवर नंबर लावायची रांग, असू शकते. डिस्ने हॉलिवूड स्टुडिओजमधल्या ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ या राईडचे गट सकाळी सात आणि दुपारी एक या दोन वेळांना ॲपवर खुले होत आणि काही सेकंदांत संपत. अशा वेळी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या, सगळ्यांची नावं आधीच निवडून ठेवा आणि घरातल्या दोघांनी वेगवेगळ्या फोनवरून प्रयत्न करा. जेवणाची ऑर्डरही ॲपवरच द्यावी लागली तर अकरालाच देऊन टाका. बाराला सगळे देतात.

राईडवर ओरडायचं की नाही, याचाही नियम निघाला होता. जपानमधल्या पार्कांच्या संघटनांनी रोलरकोस्टरवर किंचाळणं टाळा अशी सूचना केली. फुजी-क्यू हायलँड या पार्कने मग आपल्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना मास्क लावून, अगदी निर्विकार चेहऱ्याने रोलरकोस्टरवर बसवलं, त्याचा व्हिडिओ काढला आणि शेवटी पाहुण्यांना मनातल्या मनात किंचाळायची विनंती केली. जगभर लोक हसले, पण नियम खराच होता.

पासधारकाला निर्बंधांच्या दिवसांत एक मोकळीक असते जी साध्या तिकीटवाल्याला नसते: दिवस वसूल करायची घाई नाही. उकडतंय, मास्कने गुदमरतंय, राईड बंद पडलीय, तर दोन तासांत बाहेर पडा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पार्क समजून घ्या, मोठ्या राईड शेवटच्या तासासाठी ठेवा, कारण तेव्हा मुलांसकट आलेले लोक निघून गेलेले असतात.

शेवटची पायरी: मुदत संपायच्या दोन महिने आधी

पास संपत आला की आपोआप नूतनीकरण चालू आहे का ते खात्यात पाहा. असेल आणि नको असेल तर बंद करा, आणि बंद झाल्याचा ईमेल आला का हे तपासा.

पण नको म्हणण्याआधी थोडं थांबा. वॉल्ट डिस्ने वर्ल्डने २१ नोव्हेंबर २०२१ ला पिक्सी डस्ट सोडून बाकी सगळ्या पासची नवी विक्री थांबवली, आणि ती पुन्हा सुरू झाली २० एप्रिल २०२३ ला. मधल्या काळात जुन्या पासधारकांना नूतनीकरण करता येत होतं. ज्यांनी पुढच्या महिन्यात बघू म्हणून पास संपू दिला ते जवळपास दीड वर्ष बाहेर राहिले. कॅलिफोर्नियातही ड्रीम की आणि तिच्या खालची ‘बिलीव्ह की’ यांची विक्री २०२१ च्या हिवाळ्याआधीच थांबली होती. तेव्हा नूतनीकरणाची खिडकी किती दिवसांची आहे, आणि सध्या नव्या लोकांना पास विकला जातोय का, हे दोन्ही बघून मग ठरवा. विक्री खुली असेल तर पास संपू द्यायला हरकत नाही. पुढची सहल ठरेल तेव्हा नवा घ्या, म्हणजे मधले रिकामे महिने मुदतीत मोजले जात नाहीत. विक्री बंद असेल आणि पुढच्या वर्षी जायचं नक्की असेल, तर खिडकी उघडी आहे तोवर नूतनीकरण करून टाका. त्याआधी मागच्या बारा महिन्यांतल्या फेऱ्या ॲपमधून मोजा, जाता आलं नाही ते दिवसही मोजा, आणि पहिल्या पायरीतला भागाकार या आकड्यांवर पुन्हा करा.